कलम चौदा

पगारपत्रकात डावीकडून अकरावा रकाना:
विमा, कामगाराचा हिस्सा.
नऊ वर्षं तो मी भरतोय.

सोहार. बंदराच्या मागे, भट्टीच्या झळीत
आम्ही लोहखनिजाच्या गोळ्या भाजतो.
दुसऱ्या गोळ्या, रक्तदाबाच्या, साखरेच्या,
ज्याच्या त्याच्या उशाशी.

घरटी हप्ता सव्वीस रियाल,
निम्मा कंपनीचा, निम्मा आपला.
तेरा.
तेरा लिहिताना बोटांना बघावंही लागत नव्हतं.

मग युनियननं बोलणी काढली.
अकरा महिने, आठ बैठका.
खल्फान अल-मामरी तीच निळी फाईल घेऊन आत जायचा
आणि बाहेर आला की आधी पाणी मागायचा.
ग्लास एका घोटात संपला
की आम्ही समजायचो, आजही काही नाही.
आठव्या बैठकीनंतर त्यानं पाणी मागितलंच नाही.

कलम चौदा. अरबीत साडेतीन ओळी.
कॅन्टीनच्या टेबलावर, वाळलेल्या डाळीच्या डागाशेजारी
त्यानं बोट ठेवून वाचलं:
कामगाराचा हिस्सा यापुढे पाचवा.
तेराचे पाच रियाल दोनशे बैसा,
बायको-पोरं धरून.
बदल्यात पगारवाढीतला अर्धा टक्का सोडला.

फुकट काही मिळत नाही
हे मला कुणी सांगायला नको, मी आकडे लावणारा माणूस.

रोमेल, क्रेनवरचा. एकटा जीव, सहाशे पगार.
त्याचं गणित उलटं पडलं:
हप्त्यात वाचले दोन रियाल चारशे, वाढीत गेले तीन.
"महिन्याला सहाशे बैसा," तो खिडकीशी येऊन म्हणाला,
"कुणाच्या तरी पोराच्या खोकल्याला चाललेत.
कुणाच्या, तेवढं सांग."
मी म्हटलं, माझ्या.
तो जरा थांबला.
"मग औषध पुरं दे त्याला. अर्धी बाटली ठेवू नकोस."

आणि यासीन परकार, बाणकोटचा.
तीच भट्टी, तीच पाळी, तीच निळी डांगरी,
फक्त पाठीवरचं नाव वेगळं,
माणसं पुरवणाऱ्या कंपनीचं.
त्याच्याकडे कार्ड आहे, ठेकेदारानं दिलेलं;
दात त्यात बसत नाही.
माझ्या पत्रकात त्याला अकरावा रकाना नाही,
पहिलाही नाही.
"भाऊ, त्या चौदात आम्ही कुठं?"

मी त्या साडेतीन ओळी पुन्हा उघडतो.
अरबी मला वाचता येत नाही,
पण "कंपनीच्या पटावरचे" हे शब्द
आता नुसत्या वळणावरून ओळखतो.

पुढच्या मागण्यांच्या कागदावर
खल्फाननं एक ओळ पेन्सिलीनं लिहिलीय.
पेन्सिलीनं का, ते मी विचारलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत यासीन समोर बसतो.
खुबूस डाव्या बाजूनं चावतो, हळू,
घास गिळून झाल्यावर विचारतो,
खोकला कसा आहे पोराचा?