बोटभर शेपूट

पारा पंचेचाळीस. लाईट गेलेली, माग गप्प.
धाकटी, श्रावंती, बायोलॉजी वाचते मोठ्यानं:
जपानात एक माकड, बर्फात राहणारं.
शेपूट बोटभर. लांब असती तर
ऊब तिथूनच गळून गेली असती.

मी टॉवेलवाला. विचारलं,
इंचाला लूप किती अंगावर?
ती हसली. लूप नाही, नाना, केस.
उत्तरेला जावं तसे दाट होत जातात,
उन्हाळ्यात झडतात.
म्हणजे स्वतःचं वजन स्वतःच बदलतं,
माग न थांबवता.

हिवाळ्यात पाला नसतो. साल सोलून खातात, कळ्या खुडतात,
आधी साठवलेली चरबी जाळत बसतात.
विड्या वळता वळता हिची अम्मा म्हणाली,
"आणि पिल्लं?"
पोटाशी. सगळी चिकटून, एकच गोळा.
कडेच्याला वारा झोंबतो,
तो ढकलत ढकलत आत घुसतो.

मग आवाज जरा चढवून पुढचं:
आईचा मान लेकीला मिळतो,
त्यातही धाकटी थोरलीच्या वर.
अंबुजानं तंबाखूचं सूप सोडून
उशी फेकली तिच्यावर.

रात्री विडी घरकुलाच्या गच्चीवर
चादरी भिजवून, पिळून, पांघरून
चौघं निजलो हातहातभर लांब.
कुणाचा श्वास कुणाला नको.

पहाटे चादरी वाळून कडक.
पाणी आलं का बघायला उठलो,
तर धाकटी थोरलीच्या पोटाशी,
घामानं दोघी ओल्या,
तरी.