पाठमोऱ्या

घणसोलीत, सेक्टर सातला आमचं फ्रेमचं दुकान.
देव, दहावीचे सत्कार, वारलेली माणसं,
काचेमागून सगळे समोर बघतात.
ग्योंग-रानने आणलेल्या सातही बायका
पाठमोऱ्या.
अंबाडा, बॉबकट, टाळूवर विरळ झालेले केस,
एकीच्या मानेवर स्वेटरचं लेबल बाहेर आलेलं.

"तोंडं कुठायत?" मी विचारलं.
थोडं मोडक्या हिंदीत, थोडं हातांनी,
उरलेलं फोनवर उलटं-सुलटं करत तिने सांगितलं:
आमच्याकडे लग्नानंतरही बाईचं आडनाव तेच राहतं,
पण मूल झालं की नाव कुणी घेत नाही.
याची आई. तिची आई.
या माझ्या मैत्रिणी, सोलमधल्या, बुसानमधल्या.
मी मागून एकेकीला नावाने हाक मारली
आणि वळायच्या आधीची मान काढली.

मी टेप लावत होते. अठरा बाय चोवीस.
म्हटलं, आमचं तर नावच बदलतात.
ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने लिहायचं.
कुंदाची मी शर्वरी झाले,
शशांकला शोभेल म्हणून.
ती जराशी थांबली.
"त्या तांदळाचं पुढे काय झालं?"

सत्तावीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
मीसुद्धा.
रात्री सासूबाईंना विचारलं.
टीव्हीचा आवाज कमी न करता म्हणाल्या,
"काय व्हायचंय? ओतले परत डब्यात."
म्हणजे त्या आठवड्यात कधीतरी
वरण, तूप, लिंबू घालून
सगळ्यांनी मला खाल्लं. मीही,
शेवटच्या पंगतीला.

शनिवारी काच पुसत होते.
मागून आवाज आला, "कुन्-दा."
मान लगेच वळली नाही.
आधी कान तापले,
मग संगमेश्वरच्या पडवीतून कुणीतरी ओरडलं,
आले गं, आले!
तेवढ्यात तिने फोटो काढून घेतला होता.

आठवं चित्र परवा आलं.
केसांच्या खाली, डावीकडे, एक तीळ.
हा तीळ मला माहीत नव्हता.
माहीत असणार तरी कसा?

शशांक जेवणाचा डबा घेऊन दुकानात आला,
चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिला.
"ही कोण गं, आठवी?"

माझ्या तोंडात खिळे होते.