सुट्टे पडले का?

चालत्या बसमध्ये मी कधी दांडा धरत नाही.
कात्रजच्या वळणाला गाडी कलंडते,
उभी माणसं एकमेकांच्या अंगावर जातात,
मी सीटच्या कडेला कंबर टेकून
तिकीट काढते, नोट मोजते, ओरडते,
पुढे सरका, पुढं जागा आहे!

आणि इथे, ईस्ट स्ट्रीटला,
घड्याळाच्या दुकानावरच्या माळ्यावर,
सपाट कोरड्या फरशीवर
बारा पावलं चालायची होती
तर पोटऱ्या लटपटल्या.
टाचा चार इंची. उसन्या, नणंदेच्या मुलीच्या.

अर्नवाज मॅडम खुर्चीतूनच म्हणाल्या,
"खाली काय बघते? सुट्टे पडले?"
सगळ्या हसल्या. मीही हसले.
पण घरी जाताना ते वाक्य
विनातिकीट बसलेल्या माणसासारखं
उतरायलाच तयार होईना.

खरंच, अकरा वर्षं मी काय बघत आलेय?
तळहात. चपला. बॅगेचं तोंड.
नोटेमागचा माणूस क्वचितच.

मंगळवार माझ्या सुट्टीचा.
पहिले तीन मंगळवार नुसतं नाव सांगायचं,
भिंतभर आरशासमोर.
वैजयंता लोणकर.
"ऐकू नाय आला."
वैजयंता लोणकर.
"लोणकर खाऊन टाकला."
शेवटच्या अक्षराला माझा आवाज
ब्रेक दाबल्यासारखा बसतो,
हे मला अडतिसाव्या वर्षी कळलं.
ज्या गळ्यानं मी स्वारगेट हलवते
त्याला माझंच नाव जड.

हसताना आठ दात दिसले पाहिजेत म्हणे.
मी म्हटलं, मॅडम, त्यातले दोन पडलेत.
"तर सहा दाखव," म्हणाल्या,
"पण लपवू नको."
तेवढं मात्र मी वहीत लिहून घेतलं.

नवरा म्हणाला, सौंदर्यस्पर्धा? तू?
फीमध्ये नवी शेगडी आली असती.
दोन दिवस बोलला नाही.
तिसऱ्या दिवशी मोच्याकडून
टाचांचे सुटलेले पट्टे शिवून आणले
आणि दाराशी ठेवून कामाला गेला.

स्पर्धेच्या रात्री माझा नंबर सत्तावीस.
बिल्ला सुटला तर पट्टा आला, आकडा काही सुटेना.
चालले नीट. दिवे डोळ्यांवर होते,
समोर कोणीच दिसत नव्हतं,
तरी मी मान खाली घातली नाही.
एका परीक्षकबाईंनी विचारलं,
जगात काय बदलावंसं वाटतं?
उत्तर पाठ होतं. मुली, शिक्षण, स्वप्नं.
तोंडातून निघालं,
जगाचं मला ठाऊक नाही बाई,
आमच्या शेवटच्या थांब्यावर
बायकांना संडास नाही.
मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं.
मी ते हसू संपेपर्यंत थांबले,
मग राहिलेलं बोलले,
सकाळी पाचपासून पाणी न पिता
आम्ही किती फेऱ्या करतो ते.

मुकुट बाणेरच्या दंतवैद्य बाईंना मिळाला.
त्यांचे आठही दात होते.
मला प्रमाणपत्र. त्यावर वैजयंती लोणकर.
तेही मी घेतलं, दोन्ही हातांनी, वाकून,
आणि बसस्टॉपवर उभी राहून स्वतःवर चिडले.

सोमवारी डेपोत गेले.
मागे चौघीजणी, दाराशीच अडखळलेल्या.
म्हटलं, पुढे सरका, पुढं जागा आहे.
साहेबांच्या टेबलावर काच आहे,
काचेखाली देवांचे फोटो,
दरवेळी माझी नजर तिथेच बसायची.
या वेळी साहेबांचे डोळे बघितले.
तपकिरी आहेत. थकलेले आहेत.
अर्ज वाचून दाखवला, शेवटच्या अक्षरापर्यंत.

संडास झाला का? नाही अजून.
मी अजूनही पाणी बेतानं पिते.
अर्नवाज मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या,
"परत जा. टाचा घालून जा."

पण त्या दिवशी साहेबांनी
रजिस्टरात आवक लिहिताना लिहिलं, वैजयंती.
मी काचेवर बोट टेकवलं,
वेलांटी नको, साहेब. काना.
आणि पेन पुन्हा उघडेपर्यंत
तिथेच उभी राहिले,
काहीही न धरता.