ओद्रा, ओडर

बाटलीवर दोन नावं लिहावी लागतात:
आमची ओद्रा, त्यांची ओडर.
आतलं मीठ एकच.

त्या ऑगस्टात हेनिंग पलीकडून मेलेले मासे उपसत होता,
मी अलीकडून.
वासाला पूल लागत नव्हता.
विष कोणत्या काठाचं, यावर राजधान्यांत
चार महिने कागद भांडले.
आम्ही नुसते मोजत राहिलो,
तो जर्मनमध्ये, मी पोलिशमध्ये,
आणि संध्याकाळी, पाण्याच्या दोन बाजूंनी,
एकमेकांना आकडे दाखवायचो बोटांनी.
बोटं पुरायची नाहीत.

काठी मारून पाणी तुटत नाही म्हणतात.
इथे नकाशात मारून ठेवलीय एक,
प्रवाह सगळ्यात खोल आहे तिथेच.

आता दर मंगळवारी आमची होडी तिच्यावरूनच जाते.
इंजिन त्यांचं, डिझेल आमचं,
मीटर कुणाचा, ते कुणालाच आठवत नाही.
खारटपणा उतरतोय,
हट्टी तापासारखा, अर्ध्या अर्ध्या अंशानं.

काल स्टर्जनची पिल्लं सोडली, बोटाएवढी.
एक हेनिंगच्या ओंजळीतून उतरेचना.
‘जा,’ तो म्हणाला, पोलिशमध्ये.
उच्चार साफ चुकला.
पिल्लू गेलं.