चारशे बारा ओळी

साकव हे नाव नेमगोंडानं ठेवलं होतं.
खानापूरच्या रानात ओढ्यावर टाकतात तसलं काहीतरी,
दोन ओंडके, वर काथ्यानं आवळलेल्या फळ्या.
या काठाची नोंदवही त्या काठाला वाचता यावी, एवढंच.
जुन्या पद्धतीतला इतिहास नव्या पद्धतीत न्यायचा,
नव्यातलं परत जुन्याला सांगायचं,
आणि दोघांनाही वाटलं पाहिजे
समोरचा आपल्याच भाषेत बोलतोय.
(बेळगावात हे काम शिकवावं लागत नाही.)

आज त्यातल्या तीन फळ्या काढते आहे.
तिन्हींवर त्यानंच लिहून ठेवलेलं : प्रायोगिक.
पहिली, रिकामे फोल्डर रिकामेच पलीकडे पोचवणारी.
दुसरी काय करते मला कधीच नीट कळलं नाही.
तिसरी नावं ओळखायची.

नेमगोंडा, नेमगौडा, नेमिगोंड.
रेशनकार्डावर एक, पगारपत्रकावर एक,
दहावीच्या दाखल्यावर तिसराच.
म्हणून त्यानं हे रचलं,
दोन लिपींतून येणारी दोन माणसं
मुळात एकच आहेत का, याचा अंदाज बांधणारं.
निम्म्या वेळा बरोबर.
निम्म्या वेळा एका कल्लाप्पाची चूक
दुसऱ्या कल्लाप्पाच्या खात्यावर.

चार वर्षांत तीनदा चाललं.
दोनदा मीच, चाचणीसाठी.
एकदा उद्यमबागेतल्या फौंड्रीतून,
रात्री दोन चाळीसला.

दोन आवृत्त्या आधीच इशारा लावला होता :
हे पुढे असणार नाही, हवं असेल त्यानं सांगावं.
कुणी सांगितलं नाही.
तरी गेले. तिसरं रेल्वे गेट बंद,
मालगाडीचे डबे मोजत उभी राहिले. बावन्न.

पंपाची कवचं निवत होती, जळक्या वाळूचा वास,
आणि रात्रपाळीचा भरमा देसूरकर
पडद्यावर काळं बोट टेकवून म्हणाला,
‘हे होय? नेमण्णानं सांगितलेलं,
काय पण विचारलं की एंटर दाबायचं.
दाबलं.’
मग जरा थांबून,
‘काय गे, तोडालीस काय ते?’

तिसऱ्या फळीच्या तळाशी
जिथं अंदाज अडखळायचा तिथं त्याची टीप,
कन्नड, पण देवनागरीत :
आमेले नोडोण.
नंतर बघू.
खाली तारीख. त्याच आठवड्यात तो हुबळीला गेला,
तिथून पुढं कुठल्याशा बँकेत.

मी बघितलं. पुसलं.
चारशे बारा ओळी वजा, चाचण्या हिरव्या.
नोंदीत कारण द्यावं लागतं.
‘वापर नाही’ लिहिलं, खोडलं.
‘चुकतं’ लिहिलं, तेही खोडलं, कारण
निम्म्या वेळा चुकत नव्हतं.
शेवटी एवढंच :
काढलं. लागलं तर मागच्या आवृत्तीत आहे.

नेमगोंडाला कळवलं.
रात्री अकराला उत्तर,
‘कुठलं ते? आठवेना बघ.’
त्याच्या खाली,
‘इकडं कुणी येणार असेल तर
शहापूरचा कुंदा पाठव, अर्धा किलो.’