एकट्याची

आष्ट्याच्या बाजारात, सुतळीच्या गठ्ठ्यांमागं,
भंगारवाल्या रज्जाकच्या पत्र्याच्या डब्यात सापडली कॅसेट.
वर बॉलपेननं: दस्तगीर मुलाणी, क्लॅरिनेट. एकट्याची.
'एकट्याची'खाली दोन रेघा.

बावीस वर्षं त्यांच्या डाव्या हाताला उभा राहून
मी साइड ड्रम बडवतोय.
वराती, गणपती, आमदारांचे वाढदिवस,
कॉलरमध्ये अडकलेल्या झेंडूच्या पाकळ्या.
वाटायचं, एवढंच येतं चाचांना.

पेन्सिलीनं फीत गुंडाळली. लावली.
आधी नुसती खरखर,
मग कुणीतरी खोकलं, बाहेरून एसटी गेली,
आणि मग मारवा,
कुठं पोचायची घाई नसलेला,
मधेच दम तुटला तर तुटलेलाच ठेवलेला.
ढोल नाही. झांज नाही.
माझी जागा कुठंच नाही.

संध्याकाळी त्यांच्या घरी नेली.
चाचा हळद-चुना लावलेला गुडघा लांब करून ऐकत बसले.
"कोण रे हा?"
बऱ्याच वेळानं,
"तेव्हा दात होते सगळे."

बटण टक्कन वर आलं.
मी दुसरी बाजू लावायला उठलो, तर म्हणाले,
"ऱ्हाऊ दे. कोरी हाय ती.
एकाच बाजूपुरतं पैसं हुतं.
उद्या बागणीत साडेसहाची हळद हाय,
काठ्या इसरू नको."

घरी येऊन लावलीच ती बाजू.
कोरीच होती.
तीस मिनिटं, शेवटपर्यंत ऐकली,
हात मांडीवर, गप्प ठेवून.