गुरुवारी जाणारे दिवे

गाडी माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी.
पांढरी होती म्हणतात. आता तिला मिठाचा रंग आहे.
चिलोए बेटावर लोखंडाला म्हातारपण लवकर येतं,
समुद्र रात्री उठून पत्रे चाटतो.

आवेलिनो बार्रिया तिच्यातून गॅसचे सिलिंडर पोचवतो
आणि गेले चार महिने येऊन तेच सांगतो :
"चालता चालता दिवे जातात, नेलिदा.
पुढचे, मागचे, काट्यांमागचेसुद्धा.
मोजून तीन श्वास. मग येतात,
जसं काही झालंच नाही."

आणि आमच्या दुकानापुढे उभी केली की
एकूण एक दिवा टक्क जागा,
तपासणीच्या दिवशी पहिल्या बाकावर बसवलेल्या पोरासारखा.

वैद्य दारात आला की ताप उतरतो, हे नेलिदाला ठाऊक आहे.
जळालेला फ्यूज तिच्या लेखी सज्जन माणूस,
गुन्हा कबूल करून मोकळा होतो.
हा मात्र हातावर तुरी देणारा.

तिनं अर्थिंगचा बोल्ट काढला, खाली हिरवी बुरशी,
घासून घासून पत्र्याला पुन्हा उजेड दाखवला.
रिले बदलला.
बारा पूर्णांक सहा, मीटर म्हणाला, माझी काही तक्रार नाही.
डॅशबोर्डमागे आधीच्या तीन मेकॅनिकांची करणी :
पिवळीला निळी जोडलेली,
निळीला कुणाच्या तरी इस्त्रीची वायर.
"हलव," ती म्हणायची. मी हलवायचे.
"गोंजारू नकोस, छळ."
मी छळायचे.
मीटरची शिट्टी एकदाही तुटली नाही.

तीन रात्री ती एकटीच चालवून आली,
कास्त्रोच्या चढावरून, खडीवरून, धुक्यातून,
दाल्काउएला फेरीच्या धक्क्यापर्यंत आणि परत.
दिवे असे लख्ख की समोरचे शिव्या देत होते.

चौथ्या रात्री माझी बस चुकली.
"चल, सोडते तुला."
डाव्या वळणावर सगळं काळं झालं.
रस्ता, काटे, तिचा चेहरा.
अंधारात मी तिला हसताना ऐकलं.
ब्रेक लावून म्हणाली, "दाराकडे रेल."
रेलले. गेले.
"सरळ बस."
आले.
"रेल."
रस्त्याच्या कडेला नऊ वेळा
मी माझ्या पंचावन्न किलोंनी बेट अंधारात बुडवलं.

सीटखालचा गालिचा उचलला तिनं.
रुळाच्या कडेला दबलेली एक तपकिरी वायर.
बाहेरून धड. चीरसुद्धा नाही.
नखानं चाचपत गेली तर एका जागी मऊ,
बोटातलं हाड मोडावं तशी.
आतली तार केव्हाच तुटलेली.
दोन टोकं नुसती एकमेकांना टेकून
दिवस काढत होती. वजन आलं की सुटायची.

सकाळी आवेलिनो आला.
"गुरुवारीच जायचे ना रे दिवे?"
त्यानं टोपी काढली, परत घातली.
"असेल. वार कोण बघतंय."
"या सीटवर कोण बसतं?"
"बटाट्याचं पोतं," तो म्हणाला,
फार पटकन.

बटाट्याचं पोतं केसांना पिना लावतं
हे मला ठाऊक नव्हतं. दोन सापडल्या होत्या रुळाखाली,
आणि लिंबाच्या गोळीचा कागद,
निगुतीनं चौकोनी घडी घातलेला.
नेलिदानं सगळं किल्लीबरोबर त्याच्या मुठीत ठेवलं
आणि मूठ वरून मिटली.

बिल मी लिहिलं. एक वायर, वीतभर. डाग देण्याचे वेगळे.
"आणि शोधायचे तास?"
"ते सोड," ती म्हणाली. "कुणाकुणाचे लिहिणार?"

गुरुवारी संध्याकाळी गाडी दुकानासमोरून गेली.
सगळे दिवे चालू.
आम्ही दोघी एका ट्रॅक्टरच्या वायरिंगवर वाकलो होतो,
आणि ती वळणापार जाईपर्यंत
वाकूनच राहिलो.